मी, मैं, आय

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पत्ता विचारत हिंडणाऱ्या मराठी माणसाला गंमत वाटेल अशी नावे भेटतात. शिंदे की छावनी. चिटनीस की गोठ. ढोली बुआ का पुल. नावे सगळी आपली, मधला ‘की’ आणि ‘का’ मात्र हिंदीचा. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ टाकला, त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि लष्कर हेच त्याचे नाव पडले. फौजेमागून सरदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, गवई आले. त्यांच्या घरांत मराठी राहिली, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि बुंदेली, आणि शाळा-कॉलेजांबरोबर इंग्रजी आली. दोन शतकांत या भाषांनी एकमेकींना नामे सढळ हाताने दिली. सर्वनामांच्या बाबतीत मात्र प्रत्येकीने आपली गाठ घट्ट धरून ठेवली.

म्हणूनच इंग्रजी सर्वनामांचे प्रकार समजून घ्यायला ग्वाल्हेरचे मराठी घर ही फार सोयीची जागा आहे. तिथल्या मुलाकडे मराठीची एक व्यवस्था आईकडून आलेली असते, हिंदीची दुसरी गल्लीतून आणि शाळेतून, आणि पाचवी-सहावीत इंग्रजीचा तक्ता समोर येतो तेव्हा तो या दोन्हींवर पडतो. पाठ्यपुस्तकाला याचा पत्ता नसतो. पुस्तक समजते की पाटी कोरी आहे.

पाटी किती भरलेली आहे ते पहिल्याच तासाला कानावर येते. इंग्रजीतला ‘आय’ मराठी मुलाला आईसारखा ऐकू येतो. ‘शी’ हे सर्वनाम म्हणून उच्चारले की वर्गात खसखस पिकते, कारण घरी तो शब्द वेगळ्याच कामासाठी वापरलेला असतो. ‘दे’ म्हणजे ते सगळे, हे ऐकून काय द्यायचे असा प्रश्न पडावा. आणि ‘ही इज माय ब्रदर’ या वाक्यात तर भावाचीच बाई होते. हिंदी घरातल्या मुलाचा गोंधळ निराळा, त्याच्या लेखी ‘ही’ म्हणजे ‘च’. सगळ्यांत खोडकर शब्द ‘मी’. तो जसाच्या तसा इंग्रजीत आहे, अर्थही तोच आहे, पण कर्त्याच्या खुर्चीवर बसायची त्याला परवानगी नाही. तिथे ‘आय’ बसतो आणि ‘मी’ला कर्माच्या बाकावर पाठवले जाते.

यातले ‘शी’ आणि ‘दे’ हे निव्वळ योगायोग. ‘मी’ मात्र योगायोग नाही. संस्कृतातल्या ‘मया’, म्हणजे ‘माझ्याकडून’, या रूपापासून प्राकृतातून मराठीचा ‘मी’ आला आणि हिंदीचा ‘मैं’ही तिथूनच. इंग्रजीचा ‘मी’ त्याच आदिम मुळाचा दूरचा भाऊ. ‘मी केले’, ‘मी खाल्ला’ असे म्हणताना आपण ‘ने’ लावत नाही, पण ‘त्याने केले’ म्हणताना लावतो, याचे कारण या कुळकथेत आहे: ‘मी’च्या पोटात तृतीया आधीच बसलेली आहे. हिंदीने ते विसरून ‘मैंने’ असा दुहेरी प्रत्यय चढवला. ‘तू’ आणि जुन्या इंग्रजीतला एकवचनी ‘दाउ’ एकाच घरचे. इंग्रजीचे ‘वी’ आणि ‘यू’ हे संस्कृतातल्या ‘वयम्’ आणि ‘यूयम्’चे नातलग, आणि ‘हू’ हा आपल्या ‘कोण’चा. ‘आय’ आणि ‘अहम्’ यांचेही नाते लागते. ब्रज आणि बुंदेलीच्या जुन्या काव्यात ‘मी’साठी येणारा ‘हौं’ हा त्या ‘अहम्’च्याच शाखेवरचा. ब्रजभाषेला एके काळी ‘ग्वालियरी’ही म्हणत, म्हणजे या गावाने ‘अहम्’चा आणि ‘मया’चा असे दोन्ही वंश नांदताना पाहिले आहेत.

नावापासूनच दोन परंपरांचा फरक सुरू होतो. इंग्रजीतला ‘प्रोनाउन’ हा लॅटिन शब्दावरून आला. त्याचा अर्थ नामाच्या जागी येणारा, बदली कामगार. पाणिनीचे ‘सर्वनाम’ वेगळ्या वाटेने आले. त्याने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात ‘सर्व’ या शब्दापासून सुरू होणाऱ्या सुमारे पस्तीस शब्दांची यादी धरली आणि त्या गटाला हे नाव दिले. त्या यादीत ‘विश्व’ आहे, ‘उभय’ आहे, ‘एक’ आहे, पूर्व-उत्तर अशा दिशाही आहेत. हे शब्द कशाच्या बदली येतात यापेक्षा ते चालतात कसे, त्यांना विभक्ती कशी लागते, याकडे त्याचे लक्ष होते. पुढच्या शाळामास्तरांनी इंग्रजीतली ‘नामाऐवजी येणारा शब्द’ ही व्याख्या घेतली आणि पाणिनीचे नाव तिला चिकटवले. मराठी आणि हिंदी दोन्ही व्याकरणांत हा जोडकारभार आजतागायत चालू आहे.

त्याची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकात. विल्यम कॅरीने १८०५ साली बंगालातल्या श्रीरामपुराहून मराठीचे व्याकरण इंग्रजीत काढले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठीतले व्याकरण १८३६ साली आले. संस्कृताचे संस्कार असलेल्या दादोबांसमोर इंग्रजी व्याकरणाचा साचाही होता, आणि शब्दांच्या जाती व पोटजाती पाडण्याची जी शिस्त त्यांनी बसवली ती आपण अजून पाठ करतो. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिले आणि या शिस्तीची कसून झाडाझडती घेतली. शालेय मराठीत आज मूळ सर्वनामे नऊ मानतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. प्रकार सहा. हिंदीत सागरचे कामताप्रसाद गुरू यांच्या १९२० च्या ‘हिंदी व्याकरण’ने पाया घातला, तिथेही प्रकार सहाच. पुरुषवाचक, निजवाचक, निश्चयवाचक, अनिश्चयवाचक, संबंधवाचक, प्रश्नवाचक. ग्वाल्हेरच्या शाळेत मूल हीच नावे शिकते आणि इंग्रजीची सर्वनामेही याच खणांत भरते.

इंग्रजीचे खण किती? इथे पुस्तकापुस्तकाप्रमाणे उत्तर बदलते. भारतीय शाळांत ज्याची सर्वांत जास्त पारायणे झाली त्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात पुरुषवाचक, आत्मवाचक व जोर देणारी, दर्शक, अनिश्चित, विभागवाचक, संबंधी आणि प्रश्नार्थक अशी मांडणी आहे. यातला रेन हा मुंबई प्रांताच्या शिक्षण खात्यात नोकरी करून गेलेला साहेब. विलायतेत लोक त्याला परकी फौजेवरच्या ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या कादंबरीमुळे ओळखतात, आपण मात्र त्याला ‘फिल इन द ब्लँक्स’मुळे. काही पुस्तके स्वामित्ववाचक हा वेगळा खण करतात, काही परस्परवाचक जोडतात, आणि संख्या सातापासून नवापर्यंत फिरते. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणाने तर ‘धिस’ आणि ‘दॅट’ यांना सर्वनामांच्या पंक्तीतून उठवून निराळ्या जातीत बसवले. तेव्हा परीक्षेत ‘सर्वनामाचे आठ प्रकार लिहा’ असा प्रश्न आला तर तो व्याकरणाचा प्रश्न नसून कोणते पुस्तक लावले आहे याचा प्रश्न आहे.

शिवाय प्रकार शब्दाला चिकटलेला नसतो, कामाला असतो. ‘दॅट’ एकदा बोट दाखवतो, एकदा दोन वाक्ये सांधतो, आणि एकदा तर सर्वनामच राहत नाही. ‘मायसेल्फ’ कधी कर्माच्या जागी येतो, कधी नुसता जोर देतो. भारतीय मुलाखतींत ‘मायसेल्फ अमुकतमुक’ म्हणून जी ओळख करून दिली जाते, तिला इंग्रजीच्या कुठल्याच खणात जागा नाही. आरशात पाहण्यासाठी असलेला शब्द आपण दार ठोठावायला वापरतो.

खरी मौज स्वामित्वाच्या शब्दांत आहे. ग्वाल्हेरच्या फूलबागेत राणी लक्ष्मीबाईची समाधी आहे. १८५८ च्या जूनमध्ये ती इथे पडली. तिच्या नावावरचा झाशीबद्दलचा उद्गार मराठीत सांगताना आपण ‘माझी’ म्हणतो, हिंदीत ‘मेरी’, इंग्रजीत ‘माय’. झाशी स्त्रीलिंगी म्हणून ‘माझी’ आणि ‘मेरी’. किल्ला असता तर ‘माझा’, ‘मेरा’. इंग्रजीच्या ‘माय’ला झाशी काय आणि किल्ला काय, सगळे सारखेच. हे झाले पहिल्या पुरुषाचे. तिसऱ्या पुरुषात गेलो की तिन्ही भाषांचा स्वभाव उघडा पडतो.

‘उसकी माँ’ असे हिंदीत म्हटले तर आई कोणाची, मुलाची की मुलीची, हे कळत नाही. ‘की’ फक्त आईचे लिंग सांगते. इंग्रजीत उलट. ‘हिज मदर’, ‘हर मदर’ यांत मालकाचे लिंग कळते, मालकीच्या वस्तूचे नाही. मराठी दोन्ही सांगते. ‘त्याची आई’, ‘तिची आई’, ‘त्याचा भाऊ’, ‘तिचा भाऊ’, ‘तिचे घर’. शब्दाचा पुढचा अर्धा भाग मालकाकडे पाहतो आणि शेपूट वस्तूकडे. हिंदी बोलणारे मूल रमेशच्या आईला ‘हर मदर’ म्हणून बसते, कारण ‘उसकी’मधला बाईपणा ते इंग्रजीच्या सर्वनामात ओतते. मराठी बोलणाऱ्या मुलाला ही चूक करायला फारसे कारण नाही, ‘त्याची’मध्ये ‘त्या’ समोर उभा असतो. अट एवढीच की इंग्रजी शिकताना ते मनातल्या मनात मराठीकडे वळले पाहिजे. ग्वाल्हेरच्या शाळेत वळवले जाते हिंदीकडे, कारण शिकवणारे आणि पुस्तक दोन्ही हिंदीतून समजावतात. हाताशी असलेले चांगले अवजार घरी ठेवून शेजाऱ्याचे मागून आणावे, तसे हे होते.

लिंगाचे पुढचे प्रकरणही असेच. हिंदीच्या ‘वह’ला स्वतःचे लिंग नाही, ते क्रियापदावर कळते: वह आया, वह आई. इंग्रजीचे क्रियापद लिंगाला ओळखत नाही, म्हणून तिथे सगळा भार ‘ही’, ‘शी’, ‘इट’वर. मराठीत दोन्हीकडे खूण आहे: तो आला, ती आली, ते आले. त्यामुळे तीन घरांचा इंग्रजी तक्ता मराठी मुलाला ओळखीचा वाटतो आणि इथेच फसगत होते. मराठीत खुर्ची ‘ती’ आहे, पंखा ‘तो’ आहे, टेबल ‘ते’. इंग्रजीत तिन्ही ‘इट’. इंग्रजीने लिंग जिवंत माणसांपुरते आणि लाडक्या जनावरांपुरते ठेवले, फार तर जहाजाला ‘शी’ म्हटले. एका बाबतीत मात्र दोघींचे चक्क जमते. अनोळखी तान्ह्या बाळाला इंग्रज ‘इट’ म्हणू शकतो आणि आपण मुलाला ‘ते मूल’ म्हणतो. गोव्यात तर त्याच्याही पुढे जाऊन कोवळ्या वयाच्या मुलीला कोकणीत नपुंसकलिंगी ‘तें’ म्हणतात, आणि त्यात माया असते, हेटाळणी नसते.

‘इट’चे आणखी एक काम मराठी माणसाच्या पचनी पडत नाही. ग्वाल्हेरचा उन्हाळा पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे नेतो. तिथले मराठी घर त्यावर एका शब्दात मत देते: ‘उकडतंय’. कोण उकडतंय? कोणीच नाही. या वाक्याला कर्ता नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. इंग्रजीला मात्र रिकामी खुर्ची बघवत नाही, म्हणून ती ‘इट’ नावाचे बुजगावणे तिथे बसवते. ‘इट इज हॉट’, ‘इट इज रेनिंग’. शाळेत मुले विचारतात, हे ‘इट’ म्हणजे काय? ऊन? आकाश? शिक्षक म्हणतात, असेच असते. उत्तर बरोबर आहे, पण त्याच्यामागे कारण आहे. मराठी क्रियापद स्वतःच बोलके असते. ‘जातेस’ म्हटले की समोर एकच व्यक्ती आहे, ती बाई आहे, आणि तिच्याशी सलगी आहे, एवढे सगळे कळते, ‘तू’ उच्चारायची गरजच नाही. इंग्रजी क्रियापदाने आपले प्रत्यय शतकानुशतके गाळत आणले, म्हणून त्याला प्रत्येक वेळी सर्वनामाचा हात धरावा लागतो. निरोप घेताना आपण नुसते ‘येतो’ म्हणतो. इंग्रजाला तिथे ‘आय’ लावल्याशिवाय दाराबाहेर पडता येत नाही.

हा ‘आय’ लिहायचाही थाटात. हस्तलिखितांत एकटे छोटे अक्षर हरवू लागले म्हणून लेखनिकांनी ते मोठे केले असे सांगतात. कारण साधे असेल, पण परिणाम असा की इंग्रजीत स्वतःला मोठे अक्षर आणि समोरच्याला लहान. सभ्यतेची भरपाई मग क्रमाने करतात. शिकवणी वर्गांत मुलांना ‘दोन-तीन-एक’ हे सूत्र घोकायला लावतात: आधी तुम्ही, मग तो, शेवटी मी. आणि गुन्हा कबूल करायचा असेल तर ‘एक-दोन-तीन’, म्हणजे आधी मी. पाढ्यांत बसवलेला हा शिष्टाचार मुलांच्या लक्षात मात्र पक्का राहतो.

आदराचा खरा पेच ‘यू’मध्ये आहे. इंग्रजीत पूर्वी एकाला ‘दाउ’ आणि ‘दी’ म्हणत, अनेकांना ‘यी’ आणि ‘यू’. थोरामोठ्यांना अनेकवचनाने बोलावण्याची चाल फ्रेंच वळणाने आली, ती वरून खाली पसरत गेली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोजच्या बोलण्यातून ‘दाउ’ जवळजवळ नाहीसा झाला. क्वेकर पंथाचे लोक अडून बसले. ईश्वरापुढे सगळे सारखे, मग एका माणसाला अनेकवचन कशाला, असे म्हणत ते न्यायाधीशालाही ‘दाउ’ म्हणत आणि त्याचा त्रासही भोगत. त्यांचा म्होरक्या जॉर्ज फॉक्स याने १६६० साली सहकाऱ्यांसह एकवचन-अनेकवचनावर चक्क एक पुस्तकच काढले. इंग्रजीने टाकून दिलेला हा उच्चार बुंदेलखंडाने दुसऱ्याच अर्थाने जपला आहे, तिथे थोरल्या माणसाला ‘दाऊ’ म्हणतात. आणि ‘दी’ तर हिंदी घरोघरची थोरली बहीण.

म्हणजे इंग्रजीने सगळ्यांना ‘अहो’ करून टाकले आणि मग ‘अरे’ म्हणायला तिच्याकडे काही उरले नाही. आपल्याकडे पायऱ्या शाबूत आहेत, पण दोन भाषांच्या पायऱ्या एका उंचीच्या नाहीत आणि ग्वाल्हेरात पाय नेमका तिथेच अडखळतो. मराठीत तू आणि तुम्ही, वर दरबारी ‘आपण’. हिंदीत तू, तुम, आप. मराठी ‘तुम्ही’ हिंदीच्या ‘तुम’ आणि ‘आप’ या दोन्ही पायऱ्या व्यापते. पुण्याहून आलेला पाहुणा सराफ्यातल्या वयस्क दुकानदाराला मोठ्या आदराने ‘तुम’ म्हणतो, त्याच्या मनात ‘तुम्ही’ असते. दुकानदाराला ते झोंबते. ग्वाल्हेरची मराठी माणसे ही चूक करत नाहीत. उलट दिशेचा धक्का घरात बसतो. मराठी मूल आईला ‘तू’ म्हणते, कारण आईला आणि देवाला ‘तू’च म्हणायचे. शेजारच्या घरातला ‘मम्मी, आप’ म्हणणारा मित्र ते ऐकून चपापतो. ‘अहो आई’ म्हटली की ती सासू, हे त्याला आणखी कोण समजावणार?

आणि ‘हे’. इंग्रजीच्या कुठल्याही तक्त्यात न मावणारे हे दर्शक सर्वनाम मराठी बायकांनी दोन-चार पिढ्या नवऱ्याचे नाव म्हणून वापरले. ‘हे आले नाहीत अजून.’ हिंदी शेजारीण तेच ‘ये’ने सांगते, म्हणून निदान या बाबतीत ग्वाल्हेरच्या दोन स्वयंपाकघरांत दुभाष्या लागत नाही. इंग्रजीत शब्दशः नेले तर ‘दीज हॅव नॉट कम’. व्याकरण म्हणेल, दीज म्हणजे कोणत्या वस्तू?

आदरार्थी बहुवचन अंगवळणी पडलेल्या माणसाला इंग्रजीतला सध्याचा एक वाद फारसा भारी वाटू नये. एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरावे का, यावर तिकडे बरीच शाई सांडली. वापर चौदाव्या शतकापासूनचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या शाळामास्तरांनी त्याला चूक ठरवले, ‘ही’ म्हणजे पुरुषही आणि बाईही असा फतवा काढला. २०१९ साली मेरियम-वेब्स्टर कोशाने ‘दे’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडले, आणि त्याच वर्षी अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेने एका व्यक्तीसाठी तो चालेल असे सांगितले. स्वतःला बाई किंवा पुरुष न म्हणवणाऱ्यांसाठी ही सोय महत्त्वाची ठरली. मराठीत ‘ते’ आणि ‘त्या’ यांतही लिंग लपलेले असल्याने ती सोय आपल्याला आयती मिळत नाही. हिंदीच्या ‘वे’ला ती आहे, पण पुढचे क्रियापद गुपित फोडते. जाता जाता: हा ‘दे’ इंग्रजीचा अस्सल शब्दही नाही. ब्रिटनमध्ये वसलेल्या नॉर्स लोकांकडून तो घेतला आहे. सर्वनाम सहसा उसने घेत नाहीत, या नियमाचा हा सर्वांत ठळक अपवाद.

उरलेले खण चटकन उघडून बंद करता येतील. संबंधी सर्वनामांत आपला ‘जो-तो’ जोडीने चालतो, इंग्रजीचा ‘हू’ एकटा. म्हणून ‘जो मेहनत करतो तो पास होतो’ याचे इंग्रजी करताना मुले पुढे एक जादा ‘ही’ ठेवतात. मराठीत ‘मेहनत करणारा पास होतो’ अशी दुसरी वाट आहे, तिला सर्वनामच लागत नाही. प्रश्नार्थकांत आपण ‘कोण कोण’, हिंदी ‘कौन-कौन’ म्हणते, आणि भारतातल्या इंग्रजीने त्यावरून ‘हू ऑल’ बनवला. नाके मुरडली जातात, पण शब्द उपयोगी आहे. अनिश्चितांत ‘कोणीतरी’ म्हणजे समबडी, ‘कोणीही’ म्हणजे एनीबडी, हे मराठीतून शिकवले तर दहा मिनिटांचे काम. परस्परवाचकांत दोघांसाठी ‘ईच अदर’ आणि अनेकांसाठी ‘वन अनदर’ हा नियम शाळा अजून घोकून घेतात. इंग्रजीच्या वापरातला नामांकित पंच फाउलर याने १९२६ सालीच तो निकालात काढला होता. आपल्या ‘एकमेकांना’ला अशी मोजदाद कधी सुचलीच नाही.

आत्मवाचकाशी मात्र थोडे थांबायला हवे. ‘सुरेशने महेशला आपल्या घरी नेले’ आणि ‘सुरेशने महेशला त्याच्या घरी नेले’ या दोन वाक्यांत रिक्षा वेगवेगळ्या दारांशी थांबते. इंग्रजीच्या ‘हिज हाउस’मध्ये प्रवासी मधेच अडकतात. संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेल्या या शब्दाने आपल्याला फार बारीक सोय दिली आहे, आणि इंग्रजी वकिलांना ज्या गोंधळासाठी ‘द सेड सुरेश’ असे पुन्हा पुन्हा लिहावे लागते तो आपण एका शब्दाच्या फरकाने मिटवतो.

त्याच ‘आत्मन्’चे दुसरे रूप म्हणजे ‘आम्ही’च्या शेजारी बसणारे ‘आपण’. ‘आम्ही सिनेमाला चाललो’ म्हटले तर ऐकणाऱ्याने घरीच बसायचे. ‘आपण सिनेमाला जाऊ’ म्हटले तर त्याने चपला घालायच्या. इंग्रजीचा ‘वी’ ऐकणाऱ्याला दारात ताटकळत ठेवतो. प्रमाण हिंदीचा ‘हम’ही तसाच, शिवाय उत्तरेत तो एकट्या माणसासाठीही चालतो, मग तर विचारायलाच नको. तमिळात ‘नाम’ आणि ‘नांगळ’, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा भेद आहे. मराठी-गुजरातीत तो कसा रुजला हे सांगताना भाषाशास्त्रज्ञ या द्राविडी शेजाराकडे बोट दाखवतात. इंग्रजीच्या पुस्तकात या भेदाला खण नाही, आणि हिंदी पुस्तकातही नाही. त्यामुळे ग्वाल्हेरच्या मराठी मुलाला आपल्याजवळ तो आहे हे शाळेत कळायची सोय नाही.

पण हा भेद त्या गावात रोज बोलला जातो, आणि ज्यांना तो कळतो ते ग्वाल्हेरकर मराठी माणसाचे दुखणेही जाणतात. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात गेले, १९५६ च्या १ नोव्हेंबरला मध्य प्रदेशात. राज्य मराठी घराण्याचे होते तोवर मराठी घर स्वतःला पाहुणे समजत नव्हते. नंतर पुण्या-मुंबईची नातलग माणसे ‘तुमच्याकडे’ म्हणू लागली आणि ग्वाल्हेरच्या हिंदी शेजाऱ्यांच्या ‘हम लोग’मध्ये आपण धरले जातो की नाही हेही पुरते ठरेना. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले. अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. बृहन्महाराष्ट्राच्या मांडवात जमलेल्यांना तीन दिवस तरी ‘आपण’ म्हणताना अडखळावे लागले नसेल.

त्याच संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. घर मराठी. धाकटा भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहू लागला, गजानन हिंदीत. त्यांची ‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता ‘मैं’ आणि ‘वह’ यांच्या पाठलागावर उभी आहे. ‘मैं’ ज्याला शोधतो तो ‘वह’ कोण, यावर हिंदी समीक्षेने ग्रंथ रचले. मराठीत लिहिले असते तर कवीला ‘तो’ म्हणावे लागले असते, आणि ‘तो’ म्हणताच त्या सावलीला पुरुषाचा देह आला असता. हिंदीच्या ‘वह’ने तो देह न देता भागवले. क्रियापदांनी पुढे काय केले ते वेगळे.

आता मराठी शिकवणारे वर्ग कमी झाले आहेत, तरुण घरांत मुले एकमेकांशी हिंदी बोलतात आणि मोबाइलवर इंग्रजी. तरी एक सर्वनाम बाकी आहे. ‘अपन’. मध्य प्रदेशाच्या बोलीहिंदीत ते सगळीकडे ऐकू येते: ‘अपन चलते हैं’, ‘अपन को क्या’. राजस्थानीत ‘आपां’, गुजरातीत ‘आपणे’, म्हणजे हा एकट्या मराठीचा दागिना नाही, पश्चिमेच्या सगळ्या पट्ट्याचा आहे. शाळेचे हिंदी व्याकरण त्याला पुरुषवाचकांत जागा देत नाही, परीक्षेत लिहिले तर लाल रेघ पडते. ग्वाल्हेरच्या स्टेशनवर गाडी लागते तेव्हा आजी नातवाला म्हणते, ‘चल, आपण चढू या,’ आणि नातू मागे उभ्या मित्राला हाक मारतो, ‘चल, अपन भी चढ़ते हैं.’